चक्रजाखालचं क्षेत्रफळ : सहा आठवड्यांची नोंदवही

मागच्या नोंदीत दोन अन्वस्तांमधला (पॅराबोलांमधला) तुकडा संपवला होता आणि पुढे चक्रज घ्यायचा असं ठरवलं होतं. चाक सपाट रस्त्यावरून न घसरता गडगडत जातं तेव्हा त्याच्या कडेवरचा एक ठिपका जी कमान काढतो, ती म्हणजे चक्रज, सायक्लॉइड. एका कमानीखाली जागा किती, एवढाच प्रश्न. उत्तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल : चाकाच्या क्षेत्रफळाच्या बरोबर तिप्पट. मलाही ते बारावीपासून पाठ होतं. पण ते तीन येतात कुठून, हे कधी दिसलं नव्हतं. गेले सहा आठवडे ऑफिसातून आल्यावरचा रोजचा एक तास मी त्या तीनापाठी होते.

२ जून

सुरुवात कात्रीने केली. गॅलिलिओने हेच केलं होतं. या वक्राला नाव त्यानेच दिलं, आणि क्षेत्रफळ गणिताने हाती लागेना म्हणून त्याने कमान आणि वर्तुळ कापून दोन्ही तागडीत टाकली. उत्तर तिपटीच्या आसपास आलं, पण नेमकं तीन असेल यावर त्याचा विश्वास बसला नाही.

माझं चाक म्हणजे स्टीलच्या डब्याचं झाकण, व्यास १४ सेंटीमीटर. परीघ ४४ सेंटीमीटर, म्हणजे कमानीचा पाया ४४ आणि उंची १४. आधी झाकणाच्या कडेला पेन्सिलचं टोक चिकटवून ते पट्टीलगत फिरवलं. ते मध्येच घसरतं, आणि घसरलं की कमान आखूड होते. चार प्रयत्न फुकट गेल्यावर ते सोडलं आणि दर १५ अंशांना बिंदू काढून, म्हणजे एकूण २५ बिंदू, हाताने वक्र जोडला. ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी थेट बिंदूच काढावेत.

त्यासाठीची समीकरणं : क्ष = र(थीटा − साइन थीटा), य = र(१ − कॉस थीटा). क्ष म्हणजे ठिपक्याचं आडवं अंतर, य म्हणजे उंची. र म्हणजे चाकाची त्रिज्या, थीटा म्हणजे चाक किती फिरलं तो कोन, रेडियनमध्ये. दुसऱ्या समीकरणाशी जरा थांबा. र(१ − कॉस थीटा) या राशीला आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात स्वतःचं नाव आहे : उत्क्रमज्या. ‘ज्या’ (साइन) आणि ‘कोटिज्या’ (कोसाइन) यांच्यासोबत तिचीही कोष्टकं होती. म्हणजे चाकावरचा ठिपका जमिनीपासून किती वर आहे, ते उत्क्रमज्या सांगते. हे लक्षात आलं त्या रात्री मला फार आनंद झाला.

८ जून

कापलेली कार्डशीट घरच्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवली. वर्तुळ ५ ग्रॅम, कमान १४ ग्रॅम. गुणोत्तर २.८. हा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, आणि ५ ग्रॅमच्या वस्तूला अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. ओळखीच्या सराफांकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आहे. त्यांनी दुपारच्या निवांत वेळी दोन्ही तुकडे मापून दिले : वर्तुळ ४.५८, कमान १३.६१. गुणोत्तर २.९७.

एक सूचना. पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि त्याचं वजन वाढतं. दोन्ही तुकडे एकाच शीटमधून कापा आणि लागोपाठ मापा. एक आज आणि दुसरा उद्या असं केलंत तर गुणोत्तरात हवामान शिरेल.

१५ जून : दोन कसे आले

आता इंटिग्रेशन, म्हणजे समाकलन. कमानीचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येकाची उंची र(१ − कॉस थीटा), आणि सगळे बेरजेत घ्यायचे. मी शून्यापासून दोन पाय (२π) पर्यंत र(१ − कॉस थीटा) चं समाकलन केलं, बाहेर आणखी एक र लावला, आणि उत्तर आलं २ पाय र². दुप्पट. तिप्पट नाही.

तीन वेळा तपासलं. समाकलनात चूक नव्हती. चूक पट्ट्याच्या रुंदीत होती. मी प्रत्येक पट्टा र गुणिले डी-थीटा इतका रुंद धरला, जणू कोन सारखा वाढला की ठिपका जमिनीवरही सारखाच पुढे सरकतो. तसं होत नाही. क्षचं अवकलन करा : डी-क्ष = र(१ − कॉस थीटा) डी-थीटा. ठिपका जमिनीला टेकतो त्या क्षणी हे शून्य असतं, आणि अगदी वर असतो तेव्हा दोन र. चालत्या सायकलच्या चाकाकडे बाजूने पाहिलंत तर खालचे तारांचे आरे वेगळे ओळखू येतात आणि वरचे फिसकटलेले दिसतात, त्यामागे हेच आहे. कमानीचे उंच पट्टेच सगळ्यांत रुंद असतात, आणि मी ते अरुंद धरले होते.

दुरुस्ती केली की आत वर्ग येतो : र²(१ − कॉस थीटा)². उलगडलं की १ − २ कॉस थीटा + कॉस² थीटा. मधल्या पदाचं पूर्ण फेऱ्यात शून्य होतं. कॉस² च्या जागी (१ + कॉस २थीटा)/२ ठेवलं की पहिल्यातून २ पाय आणि शेवटच्यातून पाय. ३ पाय र². चार ओळींत काम झालं.

इथे थांबता आलं असतं. पण ते चुकीचं २ पाय र² माझ्या डोक्यातून जाईना. ते इतकं स्वच्छ उत्तर होतं की ते कशाचं तरी क्षेत्रफळ असणारच असं वाटत राहिलं. आणि खऱ्या उत्तरापेक्षा ते बरोबर एका चाकाएवढं कमी होतं.

२३ जून : रोबेरव्हाल

ते खरोखरच कशाचं तरी क्षेत्रफळ आहे. हे मला १६३० च्या दशकातल्या पॅरिसमध्ये सापडलं.

मेर्सेन या पाद्र्याने चक्रजाचा प्रश्न तिथल्या गणितज्ञांपुढे ठेवला होता, आणि जिल पर्सोन द रोबेरव्हालने तो सोडवला. न्यूटन आणि लायब्निट्झ तेव्हा जन्मलेलेही नव्हते. समाकलनाचं सूत्र नाही, चिन्ह नाही. रोबेरव्हालने चक्रजाशेजारी आणखी एक वक्र काढला, त्याचा सोबती. चक्रजावरच्या प्रत्येक बिंदूतून आडवं उजवीकडे र साइन थीटा इतकं सरकायचं, आणि तिथे नवा बिंदू मांडायचा. नव्या बिंदूचा क्ष होतो र थीटा, य तोच, र(१ − कॉस थीटा).

म्हणजे हुबेहूब माझा चुकीचा वक्र! ठिपका सारख्या चालीने पुढे सरकतो असं धरून मी ज्याचं क्षेत्रफळ काढलं, तो हाच सोबती.

आता त्याची युक्ती सांगते, आणि ती सावकाश सांगते, कारण या सहा आठवड्यांत याहून सुंदर काही मला मिळालं नाही. फक्त अर्धी कमान घ्या, जमिनीपासून माथ्यापर्यंत. ती पाय र लांब आणि दोन र उंच अशा आयतात बसते. सोबती त्या आयताच्या एका कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यात जातो, आणि आयत मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवला तर तो स्वतःवरच येऊन बसतो. मग तो आयताचे दोन सारखे भाग करणारच. आयत २ पाय र², त्याच्या निम्मा पाय र². सोबत्याखालचा हिशेब इथे संपला.

उरली चक्रज आणि सोबती यांच्यामधली चिंचोळी पाकळी. कुठल्याही उंचीवर तिची आडवी रुंदी र साइन थीटा. चाक उभं ठेवा आणि त्याच उंचीवर त्याची आडवी जीवा काढा : त्या जीवेचं अर्धं नेमकं र साइन थीटा भरतं. म्हणजे पाकळी आणि अर्धवर्तुळ प्रत्येक उंचीवर सारख्याच रुंदीचे आहेत. कॅव्हालिएरीचं तत्त्व सांगतं की मग त्यांची क्षेत्रफळंही सारखीच. पत्त्यांची चळत तिरकी केली तरी बाजूने दिसणारा तिचा भाग तेवढाच राहतो, तसं. पाकळी म्हणजे अर्धं चाक, वाकवून ठेवलेलं.

अर्धी कमान : पाय र² अधिक पाय र²/२. पूर्ण कमान : २ पाय र² अधिक पाय र². माझ्या चुकीच्या उत्तरात जे एक चाक कमी पडत होतं, ते दोन पाकळ्यांच्या रूपात कमानीच्या दोन खांद्यांवर बसलेलं आहे. आलेखाच्या कागदावर दोन्ही पाकळ्या पिवळ्या रंगवल्या, तो कागद आता टेबलासमोर लावलाय.

रोबेरव्हालने हे लवकर छापलं नाही. त्याच्या अध्यापनाच्या जागेसाठी दर तीन वर्षांनी खुली स्पर्धा व्हायची, तेव्हा आपल्या रीती तो स्वतःजवळच ठेवायचा. १६४४ मध्ये टोरिचेल्लीने चक्रजाचं क्षेत्रफळ छापलं, आणि रोबेरव्हालने त्याच्यावर चोरीचा आरोप केला. रोबेरव्हालचं स्वतःचं लेखन छापून आलं १६९३ मध्ये, मृत्यूनंतर. तो पॅरिसमध्ये वारला २७ ऑक्टोबर १६७५ रोजी. त्याच शहरात राहणाऱ्या लायब्निट्झने समाकलनाचं लांबट एससारखं चिन्ह पहिल्यांदा कागदावर लिहिलं ते २९ ऑक्टोबर १६७५ रोजी. दोन दिवसांचं अंतर. या तारखा शेजारी शेजारी वाचल्या आणि मी बराच वेळ पुढे काही केलं नाही.

१ जुलै

आडवे पट्टे. हे मुद्दाम केलं, कारण मला खंडशः समाकलनाचा सराव हवा होता. थीटा काढून टाकला की क्ष = र आर्ककॉस(१ − य/र) − √(२रय − य²). दिसायला भीतिदायक. पहिल्या पदावर खंडशः समाकलन लावून दोन संध्याकाळी घालवल्या, उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी दिसलं की त्याची गरजच नव्हती. १ − य/र ला यू म्हणा. आर्ककॉस यू आणि आर्ककॉस उणे यू यांची बेरीज नेहमी पाय असते, म्हणून उणे एक ते एक या पल्ल्यात सरासरी पाय/२, आणि समाकलन थेट पाय. दुसरं पद म्हणजे अर्धवर्तुळच, तिथे चलाच्या जागी साइन ठेवायचीही गरज नाही. आणि बघा : पहिलं पद सोबत्याचं, दुसरं पाकळीचं. रोबेरव्हालची विभागणी बीजगणितातून आपोआप बाहेर आली.

आता माझी सवय अशी झालीय की तंत्र लावण्याआधी आकृतीत सममिती शोधायला दहा मिनिटं द्यायची. खंडशः रीत कुठे पळून जात नाही.

७ जुलै : चार बिंदू

ज्यांना संख्यात्मक रीती आवडतात त्यांच्यासाठी ही नोंद. मी समलंबांच्या नियमाने (ट्रॅपेझॉइडल रूल) (१ − कॉस थीटा)² ची बेरीज करून बघत होते, पूर्ण फेऱ्याचे आधी २४ भाग, मग १२, मग ६. उत्तर ढळेचना. प्रत्येक वेळी ३ पाय, कॅल्क्युलेटरच्या शेवटच्या अंकापर्यंत. चार भाग करून बघा, हातानेच होतं : ०, ९०, १८० आणि २७० अंशांना किमती ०, १, ४, १. बेरीज ६. गुणिले पाय/२. ३ पाय! तीन भागांनीसुद्धा येतं. दोन भागांनी मात्र ४ पाय येतं, साफ चूक.

कारण असं की आत फक्त स्थिरांक, कॉस थीटा आणि कॉस २थीटा आहेत. पूर्ण फेऱ्याचे तीन किंवा जास्त सारखे भाग केले की दोन्ही कॉस आपापसात कटतात आणि स्थिरांक ३/२ तेवढा उरतो. दोनच भागांत कॉस २थीटा दोन्ही ठिकाणी १ असतो, कटत नाही.

आता तेच चार बिंदू कागदावरच्या कमानीवर घेऊन सरळ रेषांनी जोडा आणि बहुभुजाचं क्षेत्रफळ काढा. येतं २ पाय + २, म्हणजे ८.२८, हवं ९.४२. बारा टक्के कमी. बिंदू तेच, उंच्या त्याच. जमिनीवरून चाललं की चूक, कोनावरून चाललं की अचूक. चल बदलणं ही फक्त अवघड समाकलन सोपं करायची युक्ती आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

१३ जुलै

पुढचा वक्र घेतलाय : तेवढ्याच एका स्थिर चाकाच्या बाहेरून आपलं चाक गडगडवायचं. ठिपका हृदयासारखा आकार काढतो, कार्डिऑइड. ध्रुवीय समीकरण : अंतर = २र(१ − कॉस थीटा). क्षेत्रफळ म्हणजे अंतराच्या वर्गाच्या समाकलनाचं अर्धं, म्हणून बाहेर २र² आणि आत पुन्हा तेच (१ − कॉस थीटा)². नवं काही करावंच लागलं नाही, ३ पाय तयार होते. उत्तर ६ पाय र², दोन कमानींएवढं.

हे बीजगणिताने दिलं. पाकळीसारखं काही इथे दिसतं का, एक कार्डिऑइड कापून दोन कमानी मांडता येतात का, ते अजून सापडलेलं नाही. कुणी केलं असेल तर आकृती जरूर दाखवा, फक्त समीकरण नको.

त्याच जुन्या कार्डशीटच्या उरलेल्या भागावर कार्डिऑइड आखून झालाय. रुंदी साधारण ३६ सेंटीमीटर, जेमतेम मावला. रविवारी कापून सराफांकडे नेणार, जुनं वर्तुळही सोबत, कारण हवा आता जूनपेक्षा ओली आहे. वर्तुळाचं जुनंच वजन धरलं तर सहापट २७.४८ ग्रॅम. मापायच्या आधीच लिहून ठेवते.