जमेचा रकाना

भाच्याच्या प्रश्नात लागण्यासारखं काही नव्हतं. तरी लागला. जेवणं उरकली, ताई झोपली, आणि मी अजून तेच घोळवत बसलोय.

"काय लिहायलाव मामा?" म्हणत त्यानं वही ओढून घेतली. दोन-चार पानं उलटली, मग एकदम, "आले किती?" मी म्हटलं, पैशाचा खेळच नाही हा, व्हिडिओ पोकर आहे, यंत्राशी खेळायचा पत्त्यांचा खेळ, तोही सरावाचा, नाणी खोटी. पैसे लावून ऑनलाइन खेळणं तर 2025 च्या कायद्यानं बंदच झालं, आणि त्याच्या आधीही मी कधी त्या वाटेला गेलो नाही. "मग लिहायचं कशाला?" असं म्हणून तो मोबाईल बघत ओसरीवर गेला. ताईच्या गुडघ्याचं त्याच्याशी बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

कशाला लिहायचं? मला सांगता आलं असतं. त्यानं थांबायला हवं होतं.

या खेळात पाच पानं येतात, हवी ती धरायची, बाकीची एकदाच बदलून मिळतात. कालचीच नोंद घ्या. बदामची दुर्री, चौका, सत्ता, नव्वा आणि किलवरची सत्ता. हातात सत्त्यांची आयती जोडी. माणूस जोडीच धरणार, कारण ती दिसते. पण मी खेळतो त्या व्हिडिओ पोकरमध्ये दहाच्या खालची, आणि दहाचीही, नुसती जोडी काहीच देत नाही. गुलामापासून पुढं पैसे. उरलेल्या 47 पानांत बदामची 9 आहेत, त्यातलं एक आलं की पाचही एका रंगाची, म्हणजे फ्लश. चार बदाम धरून एक पान मागितलं तर लावलेल्या एका नाण्यामागं सरासरी 1.15 पदरात पडतं, जोडी धरली तर 0.82. म्हणजे जोडी मोडायची. पण त्याच जागी गुलामांची जोडी असती तर तीच धरायची, बदाम सोडायचे. आणि पाच-सहा-सात-आठ अशी मिश्र रंगांची ओळ असून वर आणखी एक अठ्ठी असली, तर ओळ सोडून अठ्ठ्यांची जोडी बरी. हे डोक्यात बसायला वेळ लागतो. म्हणून माझ्या वहीत रकाने असे: आलेली पानं, मी काय धरलं, काय धरायला हवं होतं, फरक किती. चुकलं की लाल शाईनं. बदलून शेवटचं पान काय आलं ते मी लिहीतच नाही. मुद्दाम.

कारण ते पान फसवतं. पोळ्याच्या रात्री चार एक्के आले, नाणी नुसती वाढत होती, आणि वहीत त्या रात्रीच्या नोंदींत लाल शाईच लाल शाई. परवा एक बैठक अशी झाली की लाल एकदाही नाही. नाणी मात्र गेली. फुल हाउसला (तीन सारखी आणि एक जोडी) 9 आणि फ्लशला 6 देणारा खेळ अगदी बिनचूक खेळला तरी 100 मागं 99.54 परत येतात, आणि त्यातलेही जवळजवळ 2 एकट्या रॉयल फ्लशचे, म्हणजे एकाच रंगाच्या दस्सा ते एक्क्याचे. तो यायचा सुमारे 40,000 डावांतून एकदा. तोवर बरोबर खेळणाऱ्याचीही नाणी हळूहळू गळतच राहणार. अमेरिकेत मशीनवर खेळणारे वही ठेवतात, पण ती करासाठी: तारीख, जागा, जिंकले, हरले. भाच्याला तसली वही लगेच कळली असती.

हेच खुपतंय बहुतेक. परवाची ती बैठक मी कोणाला दाखवू? जिंकलो असतो तर सगळ्या घरानं ऐकून घेतलं असतं. आपण एखाद्या गोष्टीत थोडं पुढं सरकलो आणि ते बघायला चिटपाखरू नाही, या वयात हे इतकं टोचावं याचंही वाईट वाटतं. अण्णा असते तर... जाऊ दे.

पण लिहिता लिहिता मोंढा, धान्याचा बाजार, आठवला. शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या हिशोबाची पट्टी तिथं मीच तर करतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात किती. शेतकऱ्यानं ओल बघून पेरलं की घाईनं, फवारणी वेळेवर केली की नाही, त्याला माझ्या पट्टीत जागा नाही. एखादा सांगू लागला तरी माझं बोट आकड्यावरच. "आले किती" हाच प्रश्न मी दिवसभर विचारतो आणि त्यात कोणाचा अपमान करतोय असं मला कधी वाटलं नाही. मग पोरानं विचारलं तर काय चुकलं त्याचं? जे विचारायची सवय लागते तेच तोंडात येतं.

राग ओसरला, आणि मग वही पुन्हा नीट बघितली. लाल शाई नाही म्हणजे मला येत होतं, असं मी धरून चाललो होतो. पण त्या बिनचूक बैठकीत दोन-तीन ठिकाणी हात अडखळला होता, ते मला आठवतंय. राणी-गुलाम एका रंगाचे, वर वेगळ्या रंगाचा एक्का. एक्का ठेवायचा की टाकायचा? टाकला. बरोबर निघालं. पण ठाऊक म्हणून नाही, अंदाजानं टाकला. वहीत मात्र तो डाव पक्क्या डावासारखाच कोरा. शेवटचं पान मी मोठ्या तोऱ्यात वहीबाहेर ठेवलं खरं, पण नशीब या दारानंही आत येतंच.

तेव्हा उद्यापासून एक रकाना जादा. उत्तर बघायच्या आधीच लिहायचं: खात्री की अंदाज. "ख" आणि "अं". खेळाचा वेग निम्म्यावर येईल, येऊ दे. अंदाजानं बरोबर आलेले डाव रविवारी वेगळे काढून तेवढेच पुन्हा घोटायचे. वहीची मागची पानं संपत आलीत, मोंढ्यातून येताना नवी घ्यावी लागेल, थोडी रुंद. आणि भाच्याशी ताईच्या गुडघ्याचं सकाळीच बोलायचं, तो निघायच्या आत.