८५वी नोट

माझ्या अल्बममध्ये दहाची एक नोट आहे, नंबर ५८३३८५. डावीकडून वाचा की उजवीकडून, आकडा तोच. संग्राहक हिला रडार नोट म्हणतात. तिच्या कडेला बोटाचा एक ठसा वाळून बसलाय. तो माझा नाही, कॅशियरचा आहे.

मुलीच्या जन्मतारखेची नोट (२१-११-१२, म्हणजे २११११२) दोन स्टार नोटांच्या (नंबरात तारा छापलेल्या) बदल्यात एका संग्राहकाकडून सहज मिळाली होती. तीही रडारच, पण आयती. एक तरी आपण स्वतः पॅकेटातून काढायची, असं मनाने घेतलं. हिशोब साधा आहे. कोऱ्या पॅकेटात शंभर नोटा ओळीने असतात, ०१ पासून ०० पर्यंत. सहा आकड्यांतला तिसरा आणि चौथा सारखा असला की त्या पॅकेटात एक रडार असणारच. सरासरी दहा पॅकेटांत एक. (पट्टीवर स्टार नोटा असल्याचं लिहिलेलं पॅकेट यात धरू नका. २००६ पासून खराब छपाईच्या नोटांच्या जागी या तारा छापलेल्या नोटा घालतात, त्यांचे नंबर ओळीने नसतात.)

अडलं ते पॅकेट मिळण्यात.

बँकेत पहिल्या खेपेला उत्तर आलं, "काका, नव्या नाहीत." काचेमागे ट्रेमध्ये पट्टीबंद गड्डी मला दिसत होती. दुसऱ्या खेपेला, "लग्नसराई आहे, नंतर या." तिसऱ्यांदा मॅनेजरकडे पाठवलं. ते म्हणाले, अर्ज लिहा, कारण लिहा. मी 'संग्रहासाठी' लिहिलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "नोटांच्या हारवाल्यांना जादा भावाने विकता का?" मी हजार रुपये देऊन हजार रुपयेच मागत होतो! अर्ज कुठल्या फायलीत गेला कोण जाणे. शेवटी शिपाईमामांनी बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं, चेस्टमधून, म्हणजे नोटांच्या मोठ्या कोठारातून, रोकड मंगळवारी येते, बुधवारी साडेदहाला पहिले उभे राहा.

बुधवारी सव्वादहालाच पोचलो. गड्डी आली. वरची नोट ५८३३०१. तिसरा-चौथा आकडा तीन-तीन! म्हणजे ८५वी नोट. माझा हात काचेखाली जाणार इतक्यात कॅशियरने पट्टी फाडली, स्पंजात बोट बुडवलं आणि खालून वीस नोटा मोजून बाजूला काढल्या. "काका, ऐंशी घ्या. बाकीच्यांनाही हव्यात."

खालच्या वीस म्हणजे ८१ ते १००. बरोब्बर माझीच त्यांत.

"साहेब, त्यातली वरून पाचवी द्या ना."

"सगळ्या दहाच्याच आहेत."

मागची रांग कुरकुरायला लागली. एक आजोबा म्हणाले, "अहो, नोट ती नोट." मी उलटसुलट नंबराचं समजावू लागलो आणि माझं मलाच ते खुळ्यासारखं वाटलं. कॅशियरने एकदा माझ्याकडे बघितलं, ती नोट ओढून काढली आणि बदल्यात दहाची मागितली. माझ्या पाकिटात होती ती मधोमध चिकटपट्टी लावलेली. "ही नको." मग मी त्या ऐंशीतली एक कोरी परत दिली.

घरी येऊन भिंगाखाली बघितलं. या सहा आकड्यांच्या आधीची तीन अंक-अक्षरं सारख्या उंचीची. सहा आकडे मात्र डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. २०१५ पासून असंच छापतात. त्यामुळे वाचायला सारखी असली तरी दिसायला रडार जरा लंगडीच. आणि तो ठसा. 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे न वापरलेली कोरी, म्हणून ती आता कुणी घेणार नाही. नकोच घ्यायला.

नोट पुसू नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे काही वर्षांनी चिकट होतात, पॉलिएस्टरचे घ्या. जुन्या कोऱ्या नोटांना स्टेपलची भोकं असतात. बँकांचं पिना मारणं २००१ मध्ये बंद झालं, त्याआधीच्या नोटांना तो दोष समजू नका. तुमच्या ७८६ नंबरला लाखो देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये असल्या फसवणुकीपासून सावध केलं होतं.

आणि हो, बँकेत जाताना खिशात दहाची एक धड नोट ठेवा.