मावशी, तुला कुणीतरी मरायला हवं होतं

रविवार, रात्र

ताईची बाय हे बोलली काल, पेज जेवताना. चिडवायला नव्हे, सहज. मग उठली, ताटली विसळली, आजीच्या पाया पडली आणि संध्याकाळच्या बसने फोंड्याला गेलीसुद्धा. मी अजून त्याच वाक्यापाशी आहे. आज रविवार असून माझं एकही काम धड झालं नाही. आईने दोनदा विचारलं, बरं नाही का. म्हटलं, पाऊस.

सोळा वर्षांच्या मुलीचं बोलणं एवढं लावून घ्यायचं नसतं, हे मला कळतं. पण लागलं.

स्टेफनी मायरच्या त्या व्हॅम्पायर-प्रेमाच्या मालिकेतली पहिली तिन्ही पुस्तकं मीच दिली होती तिला. 'ट्वायलाइट', 'न्यू मून', 'एक्लिप्स'. पहिल्या पानावर माझं नाव, कॉलेजातल्या त्या गोल गोल अक्षरात. चौथं दिलं नाही. तिसऱ्यावर थांब म्हटलं. असं सांगितल्यावर कोण थांबतं! तिने 'ब्रेकिंग डॉन' कुठून तरी मिळवलं, वाचलं, आणि इथे येऊन जाहीर केलं की हेच सगळ्यात भारी आहे.

मग मी माझं भाषण दिलं. ते जुनं आहे, 2008 पासून तयार आहे, घासून घासून गुळगुळीत झालंय. की 756 पानांत त्या नायिकेला, बेलाला, सगळं मिळतं आणि जात काहीच नाही. नवरा मिळतो, तोही अमर. पैसा, रूप. बाळंतपणात मरता मरता ती स्वतः व्हॅम्पायर होते, तर नव्या व्हॅम्पायरला रक्ताची जी आवरता न येणारी तहान लागते म्हणून तीन पुस्तकं आपल्याला घाबरवलेलं असतं, ती हिला आवरते. बाप सुटेल म्हणून आपण रडायच्या तयारीत, तर बापही घरी येऊन नातीला खेळवतो. उरला जेकब, लांडगा होणारा, बेलावर जीव टाकणारा तिचा मित्र. तो तरी दुखावून निघून जाईल? नाही. तो तिच्या तान्ह्या मुलीवरच जीव जडवून बसतो. वेताळाच्या शेवटच्या कोड्यात राजा लग्न करतो मुलीशी आणि राजाचा मुलगा त्याच मुलीच्या आईशी, त्यांची पोरं एकमेकांची कोण लागतात ते विक्रमाला सांगता येत नाही. इथेही तो गप्पच बसला असता. काल नायिकेवर मरणारा पोरगा उद्याचा जावई!

आणि मग शेवट. व्होल्टुरी येतात, व्हॅम्पायरांचे राजेच म्हणा, त्या मुलीचा निकाल लावायला. जगभरातून साक्षीदार गोळा केलेत, कोण कुठली शक्ती वापरणार ते ठरलंय, बर्फाच्या माळावर दोन फळ्या समोरासमोर उभ्या, आणि बोलणी होतात. बोलणी! बोलून सगळे आपापल्या घरी. याला काय अर्थ आहे, किंमत कुठे आहे, असं मी हातातली कैरीची फोड नाचवत विचारलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. आणि मग ते वाक्य.

मी किंमत म्हणत होते, मरण म्हणत नव्हते. असं मी मनात तिला बऱ्याच वेळा सांगून झालंय. पण व्हॅम्पायरच्या गोष्टीत किंमत म्हणजे दुसरं काय असतं? रक्तच ना. मग ती म्हणाली ते बरोबरच की. नाही, बरोबर नाही. मला काही बेलाच्या सासऱ्याचं, कार्लाइलचं, वाकडं नव्हतं करायचं.

किंमत लागतेच, हे मी कुठे शिकले ते मला माहीत आहे. इथेच, गोव्यात, शिकले. आमचा राखणदार, गाव राखणारा देव, रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, पण त्याला वर्षाचा सोरो-रोट, म्हणजे दारू आणि जाड भाकरी, द्यावाच लागतो. चुकला तर आजी सांगायची त्या गोष्टी इथे लिहीत नाही, वीज गेलीय. वेताळाला वहाणा वाहतात, कारण रात्रभर चालून त्याच्या झिजतात. रात्रीचं जे काही आहे ते फुकट नाही, एवढं आम्हाला चालायच्या आधी कळलेलं. आणि ती अमेरिकेतली पोरगी अमरत्व घेते आणि पावतीसुद्धा फाडत नाही.

हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं. मग पुन्हा ते वाक्य.

त्या वर्षी तर जगातच दोन तट पडले होते. 2 ऑगस्ट 2008 ला पुस्तक आलं, मध्यरात्री दुकानं उघडी ठेवून. अमेरिकेत पहिल्या दिवसात 13 लाख प्रती गेल्या. आणि त्याच वाचकांतल्या काहींनी मोहीम काढली की पुस्तक जाळू नका, दुकानात परत नेऊन द्या. त्या वेळी मला ते फार आवडलं होतं. आता वाटतं, एका अर्थी तीही माझीच जात. पुस्तक पटलं नाही, पैसे परत. त्याच्या चार वर्षं आधी ॲन राइसच्या व्हॅम्पायरवरही वाचक असेच उखडले होते, तर बाईने ॲमेझॉनवर सरळ स्वतःच्या घरचा पत्ता टाकला, की पैसे हवेत त्यांनी पुस्तक या पत्त्यावर पाठवा. रागाने का होईना, पण हिशेबाची बाई. मला ती तेवढ्यासाठी आवडते.

आमची प्रत मी आणि मैत्रिणीने मिळून घेतलेली. आधी तिने वाचली. शेवटी रडली म्हणे, आनंदाने. मी वाचली आणि म्हापशाच्या बसस्टँडवर तिच्याशी अशी भांडले की डिचोलीची बस गेली तरी कळलं नाही. चवथीपर्यंत बोलणं बंद. आता ती स्विंडनला आहे. आजोबा इथे पोर्तुगीज राज्यात जन्मले, तेवढ्या दाखल्यावर तिचा पासपोर्ट झाला, मग बाकीचं सगळं आपोआप झालं. रविवारी फोन करते. मागे बर्फ दाखवते, मुलं दाखवते, स्वयंपाकघर दाखवते. तिलाही सगळंच मिळालं, आणि

ते असो.

तट अजून तसेच आहेत. ज्यांना पुस्तक आवडतं ते म्हणतात, तीन पुस्तकं जी बेला धडपडत होती, सारखी कुणीतरी वाचवायची वाट बघत होती, ती शेवटी सगळ्यांवर आपल्या मनाच्या शक्तीचं कवच धरते. मुखपृष्ठावर तेच आहे, पुढे पांढरा वजीर, मागे लाल प्यादं. बायचंही म्हणणं हेच होतं. "ती जिंकली ना, मग तुला काय त्रास?" मला काय त्रास. ज्यांना आवडत नाही ते मुलीच्या नावाला हसतात, आजी रेने आणि आजी एझ्मे जोडून रेनेस्मे. ते हसणं मला फुटकळ वाटतं. आमच्या वाड्यावर याहून मोठे अपघात पाळण्यात झालेले आहेत.

सिनेमावाल्यांना मात्र माझ्यासारखे किती आहेत ते पक्कं ठाऊक होतं. 2012 च्या शेवटच्या सिनेमात त्यांनी लढाई घातलीच. कार्लाइलचं डोकं उडालं तेव्हा अख्खं थिएटर ओरडलं, मी पण. मग माणसं धडाधड पडायला लागली, आणि मग कळलं की हे सगळं बेलाच्या भविष्य बघणाऱ्या नणंदेने, ॲलिसने, दाखवलेलं भविष्य, प्रत्यक्षात काहीच घडलेलं नाही. माझ्या शेजारचा मुलगा मोठ्याने म्हणाला, फसवलं. काही लोक टाळ्या वाजवत होते. मला कसली हळहळ वाटत होती तेव्हा? मेले म्हणून, की मेले नाहीत म्हणून? हे आज पहिल्यांदा विचारतेय, आणि उत्तर द्यायची घाई नाही.

वीज आली. कपाटावरून पुस्तक काढलं. बुरशीचा वास, कडा पिवळ्या, मधली काही पानं कसरीने खाल्लेली. तिला कुठलंही पुस्तक सारखंच. शेवटची प्रकरणंच उघडली.

ॲलिस जाताना निरोप ठेवते तो शेक्सपियरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या फाडलेल्या पानावर. लेखिकेने नंतर सांगितलंय की त्या शेवटच्या प्रसंगाचा धागा त्याच नाटकातला. म्हणजे ठरवलेलंच होतं, लढाई नाही, खटला. मांस काप, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये. व्हॅम्पायरांच्या गोष्टीसाठी हे बेतलं चांगलंय, नाही कशाला म्हणू. पटलं असं नाही. बेत चांगला आहे, एवढंच.

पण वाचता वाचता थांबले ती इरीनापाशी. सगळे म्हणतात या पुस्तकात शेवटी कुणी मरत नाही. इरीना मरते! तीही व्हॅम्पायरच. तिने बेलाच्या मुलीला लांबून पाहिलं, चावून व्हॅम्पायर केलेलं पोर समजली, जे त्यांच्यात निषिद्ध, आणि व्होल्टुरींकडे चुगली केली. चुगली का केली, तर तिचा माणूस लांडग्यांनी मारलेला आणि त्याचं सुतक कुणीच धरलं नव्हतं. साक्ष खोटी ठरल्यावर व्होल्टुरी तिला तिथेच, तिच्या बहिणींच्या डोळ्यांसमोर जाळतात. आणि बहिणींना आपलीच माणसं घट्ट धरून ठेवतात, का तर त्या धावून गेल्या तर लढाई पेटेल. म्हणजे किंमत दिलेली आहे. दिली ती जिची आठवण कुणाला राहत नाही तिने.

आणि लेआ. लांडग्यांतली एकटी बाई. सामशी तिचं सगळं ठरल्यासारखं होतं, मग साम तिच्याच लांबच्या बहिणीवर, एमिलीवर, असा जडला की त्याच्या हातात काही उरलं नाही. दोष कुणाचाच नाही. हे सगळ्यात वाईट असतं, दोष कुणाचाच नसणं. आणि एमिलीच्या लग्नात करवली कोण? लेआच. मीही झालेय करवली. नऊवारी नेसून, हातात दिवा धरून, फोटोत हसून. कुणाच्या लग्नात ते इथे लिहायची गरज नाही, वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी जेवणात खतखतं फार चांगलं झालं होतं, एवढं सगळे अजून सांगतात.

तर लेआला पुस्तकाच्या शेवटी काय मिळतं? जेकबच्या टोळीत जागा. बाकी सगळ्यांच्या जोड्या लागतात आणि ही आपली उभी. मला वाटतं माझा सगळा राग इथून येतो. की सगळ्यांना सगळं मिळालं हे खरंच नाही, काहींनी भरलं म्हणून बाकीच्यांना माफ झालं, आणि आनंदाच्या शेवटात त्यांची नावंसुद्धा

नको. रडकं होत चाललंय.

आणि गंमत अशी की लेआलाही शेवटी कुणीतरी जोडून द्यायला हवं होतं असं म्हणणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि त्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दिला असता एखादा, शेवटच्या चार पानांत, तर मी पुस्तक चुलीत घातलं असतं. म्हणजे बेलाला सगळं मिळालं म्हणून मी चिडणार, लेआला काही नाही म्हणून चिडणार, आणि दिलं असतं तरी चिडणार. धन्य आहे. पतसंस्थेत दिवसभर लोकांची थकबाकी काढून काढून बाई अशी होते बहुतेक. ताळेबंद जुळला की मला झोप लागते, आणि या पुस्तकाचा जुळत नाही, आणि जुळवायला लेखिकेला माझी गरज नव्हती.

बायला मेसेज केला, इरीना मेली होती.

उत्तर आलं: कोण इरीना?

मग मी विचारलं, आणि लेआ? तर म्हणते, ती चिडकी ना? मला ती आवडते. तिचं वेगळं पुस्तक पाहिजे होतं, नवराबिवरा काही नको, नुसती धावताना.

मी मोबाईल पालथा ठेवला. ही पोरगी कुणावर गेलीय देव जाणे. ताईवर तर नाही.

बुधवार

शेजारचे काका फोंड्याला जाणार होते, त्यांच्या पिशवीत बायसाठी एक पुस्तक घातलं. नारायण धारपांचं 'लुचाई'. स्टीफन किंगच्या व्हॅम्पायरवरून घेतलेलं, पण घर, अंगण, अंधार, सगळं आपलं. ज्या ऑगस्टात आम्ही दोघी म्हापशाला भांडत होतो त्याच ऑगस्टात धारप गेले. आत चिठ्ठी ठेवली: हे वाच, इथे कुणी बोलणी करायला येत नाही.

शनिवार

सकाळी सातला ताईचा फोन. पोरीला काय वाचायला दिलंस, म्हणे रात्री न्हाणीत जायचं तरी मला उठवते, खिडकी उघडू देत नाही, पावसाळ्यात आम्ही सगळे घामाने भिजतोय. मी विचारलं, कितव्या पानावर आहे? ताई म्हणाली, मला काय माहीत, तूच विचार. मागून बायचा आवाज आला, मावशीला सांग, अर्धं झालं, आणि आतापर्यंत किती मेले ते मी लिहून ठेवतेय. नावांसकट.