साताऱ्याचा आणि सांगलीचा हॅश एकच आला

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आमची कार्यशाळा होती. सकाळी तीन तास आठवी-नववीची ४८ मुले, जेवणानंतर दोन तास शिक्षक, आणि विषय सायबर सुरक्षेची ओळख. लॅबमध्ये १४ संगणक होते, त्यातले ९ चालू: आठांवर विंडोज ७ आणि एकावर विंडोज १०. एका संगणकाभोवती पाच-सहा मुले बसली. नेटचा भरवसा नसल्यामुळे सगळे प्रयोग नेटशिवाय होतील असेच आखले होते.

सुरुवात आम्ही परवानगीच्या पत्रापासून करतो. कुठले संगणक वापरणार, काय करणार, किती वाजेपर्यंत, हे लिहून त्यावर मुख्याध्यापकांची सही घेतलेली असते आणि ते पत्र मुलांसमोर वाचून दाखवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये जी कृत्ये दिली आहेत, त्यांचा पायाच 'मालकाच्या परवानगीविना' हा आहे. तेच कृत्य लबाडीने केले की कलम ६६ लागू होते आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'पोरं हॅकिंग शिकून नको ते उद्योग करतील' ही शिक्षकांची भीती रास्त आहे, म्हणून हे पत्र पहिल्या दहा मिनिटांतच दाखवायचे. या क्षेत्रात पगार घेऊन संगणकांचे 'कुलूप' तपासणारा माणूसही आधी असेच पत्र हातात घेतो.

मग च-ची भाषा. ती बहुतेक मुलांना येते: पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे च लावायचा. 'तुला काय हवे' चे होते 'चलातु चयका चवेह'. युक्ती कळली की सगळी भाषा फुटते, कारण यात किल्ली नाही. किल्ली हवी असेल तर क ते ळ ही ३४ व्यंजने ओळीने मांडून प्रत्येक अक्षर तीन घरे पुढे सरकवायचे. हा तीनचा आकडा म्हणजे किल्ली. सातारा होतो 'काधाशा'. युक्ती सगळ्या गावाला माहीत असली तरी किल्ली गुप्त आहे तोवर निरोप सुरक्षित राहिला पाहिजे, हे ऑगुस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलेले तत्त्व आजही पाया मानले जाते. इथे किल्ल्या फक्त ३३, म्हणजे एका तासात वर्ग सगळ्या तपासून मोकळा होतो. पण आठवीतल्या एका मुलीने एकही किल्ली न तपासता उत्तर दिले. 'तीन अक्षरं, तिन्हींना काना. आपलाच जिल्हा असणार.' मात्रा सरकवल्या नव्हत्या, त्यांनीच घात केला. गुप्तलेखन नेमके असेच फुटते: किल्ली मजबूत असते, पण बाजूला काहीतरी उघडे राहून गेलेले असते.

त्यानंतर हॅश. कुठलीही फाइल एका ठरावीक गणितातून काढली की तिचा ठसा मिळतो. एसएचए-२५६ या गणिताचा ठसा ६४ चिन्हांचा. फाइलमध्ये एक काना बदलला तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्ये यासाठी वेगळे काही टाकावे लागत नाही. विंडोज ७ वर फोल्डरमध्ये शिफ्ट दाबून राइट क्लिक केले की आलेल्या यादीतून तिथेच कमांडची काळी खिडकी उघडता येते. त्यात सर्टयुटिल, मग हायफन लावून हॅशफाइल, मग फाइलचे नाव आणि शेवटी एसएचए२५६ असे टाइप करायचे. शेवटचा शब्द राहिला तर एसएचए-१ चा ४० चिन्हांचा ठसा निघतो आणि शेजारच्या गटाशी काहीच जुळत नाही. दुसरी हमखास होणारी गोष्ट म्हणजे फोल्डरमध्ये फाइलचे नाव बदलताना मुले शेवटी 'डॉट टीएक्सटी' लिहितात, विंडोजने लपवलेले आधीचे डॉट टीएक्सटी त्यापुढे तसेच राहते, आणि मग 'फाइल सापडत नाही' असे उत्तर येते. फाइलची नावे इंग्रजीत ठेवायची, कारण त्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन दिसतात.

मुलांना गावांच्या नावांची यादी दिली होती. ती कॉपी करून नोटपॅडमध्ये एका फाइलला एक नाव ठेवायचे आणि ठसा काढून वहीत लिहायचा. दहाएक मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, सातारा न् सांगली दोन्हीचा सेमच आलाय की!'

एकच फाइल दोनदा तपासली असेल असे वाटून आम्ही पुन्हा करायला सांगितले. पुन्हा तेच. शेजारच्या दोन गटांचेही तेच. आठ संगणकांवर सातारा आणि सांगली यांचे ठसे चिन्हागणिक सारखे, आणि विंडोज १० च्या एकट्या संगणकावर वेगवेगळे.

दोन वेगळ्या मजकुरांचा एसएचए-२५६ ठसा सारखा आल्याचे एकही उदाहरण आजवर जाहीर झालेले नाही. एमडी५ या जुन्या हॅशचे तसे उदाहरण २००४ मध्ये दाखवले गेले, एसएचए-१ चे २०१७ मध्ये. तेव्हा लॅबमध्ये चमत्कार झाला असे मानण्याआधी फाइलकडे बघायला हवे होते. उत्तर आम्ही सांगितले नाही, फक्त एवढेच म्हटले, 'फाइलचा आकार बघा.' राइट क्लिक, प्रॉपर्टीज. सातारा ६ बाइट. सांगली ६ बाइट. मग एका मुलाने फाइल बंद करून परत उघडली. आत सहा प्रश्नचिन्हे.

विंडोज ७ चे नोटपॅड आपण काही निवडले नाही तर फाइल आन्सी या अक्षरे साठवण्याच्या जुन्या पद्धतीने सेव्ह करते. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसते. संगणकाच्या हिशेबी सातारा म्हणजे स, काना, त, काना, र, काना अशी सहा चिन्हे. सांगली म्हणजे स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी अशीही सहाच. दोन्ही फाइलींत सहा-सहा प्रश्नचिन्हे, मग ठसा वेगळा येणार कसा? हॅश अगदी बरोबर होता. तपासायला दिलेली वस्तूच बदलली होती.

मुलांना विचारले, 'सेव्ह करताना काही चौकट आली होती का?' सगळ्यांना आली होती. ही अक्षरे नष्ट होतील असा इशारा त्या चौकटीत इंग्रजीत होता, आणि सगळ्यांनी ओके दाबले होते.

ठरवलेला पुढचा भाग आम्ही तिथेच बाजूला ठेवला, कारण सांगायचे होते ते या ओकेमध्येच होते. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची) फाइल येते तेव्हा फोनही गप्प बसत नाही. अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप टाकायचे का, हे तो विचारतो. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागते. पत्रिकेला तुमचे मेसेज कशाला वाचायला हवेत? त्या परवानगीनंतर बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्याच्या हातात पडू शकतो. यूपीआयचेही तेच: पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि पिन मागणाऱ्या पडद्यावर किती रक्कम कुणाला जाणार हे लिहिलेले असते. नुसते 'क्लिक करू नका' असे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते स्वतःच्या फाइलमधली सहा प्रश्नचिन्हे पाहून होते, असे आमचे मत आहे.

मग मुलांनी फाइली नव्याने सेव्ह केल्या, 'सेव्ह अ‍ॅज'च्या चौकटीत खाली एन्कोडिंगमध्ये (म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) यूटीएफ-८ निवडून. या पद्धतीत देवनागरीला जागा आहे, आणि त्या विंडोज १० चे नोटपॅड हीच आपणहून वापरत होते. ठसे वेगळे आले. पण आता सातारा आठ संगणकांवर २१ बाइटचा आणि विंडोज १० वर १८ बाइटचा, आणि ठसाही निराळा! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे सहा त्रिक अठरा. जुने नोटपॅड सुरुवातीला तीन बाइटची न दिसणारी खूण घालते, नव्याने ती सोडून दिली. डोळ्यांना दोन्ही फाइली सारख्याच दिसतात. नववीचा एक गट मधल्या सुट्टीतही उठला नाही.

करिअरचे बोलणे त्यामुळे सोपे झाले. जप्त केलेल्या फोनची किंवा हार्ड डिस्कची प्रत काढताना हाच ठसा नोंदवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. ते काम करणारा डिजिटल फॉरेन्सिकवाला. रात्रंदिवस नोंदी पाहून 'हे दोन सारखे का?' असे विचारणारा विश्लेषक, परवानगीने कुलूप तपासणारा, नियम पाळले जातात का ते पाहणारा लेखापरीक्षक, असे चार रस्ते फळ्यावर काढले. सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जवळचे. पदवीनंतर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा सुरक्षेवरचा पदव्युत्तर डिप्लोमा. फॉरेन्सिकसाठी गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ. आजपासून सुरू करायचे तर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे पिकोसीटीएफ, म्हणजे सायबर सुरक्षेची कोडी सोडवायची ऑनलाइन स्पर्धा: फुकट आहे आणि १३ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी खुले आहे. इंग्रजीची धास्ती घेऊ नये. लागणाऱ्या आज्ञा मोजक्या आहेत, त्या वहीत लिहून पाठ होतात.

शिक्षकांच्या सत्रात पहिला विषय पासवर्डच्या वहीचा निघाला. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ या शाळेच्या सरकारी पोर्टलांचे पासवर्ड एका वहीत, वही टेबलावर. वहीत लिहिणे हा गुन्हा नाही. ती कपाटात कुलपात असावी आणि प्रत्येक पोर्टलचा पासवर्ड वेगळा असावा. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत, म्हणून पगाराचे काम त्या संगणकांवर करू नये. पैसे गेले तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. फोन जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता जास्त. मेसेज पुसायचे नाहीत.

सर्वांत जास्त वेळ एका प्रश्नावर गेला: मुलीचा फोटो बदलून कुणी फिरवला तर शिक्षकाने काय करायचे? पुरावा म्हणून तो फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा नाही. मूल १८ च्या आतले असेल आणि चित्र अश्लील असेल, तर ते पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फोटो जिथे आहे तिथेच राहू द्यायचा. दुवा, खात्याचे नाव आणि वेळ कागदावर लिहायची. पालकांना बोलवायचे, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला आणि पोलिसांना कळवायचे. 'टेक इट डाउन' ही हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची सेवा १८ च्या आत काढलेल्या अशा चित्रांसाठी आहे. तिथे चित्र पाठवावे लागत नाही, फोनवरच त्याचा ठसा तयार होतो आणि फक्त ठसा पाठवला जातो. सहभागी कंपन्या त्यावरून चित्र शोधून काढतात. सकाळच्या तासाला मागे बसलेल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, 'म्हणजे सकाळचाच हॅश.' मग त्यांनीच उठून बाकीच्यांना ठसा म्हणजे काय ते फळ्यावर समजावले, सहा प्रश्नचिन्हांसकट.

आता पुढच्या शाळेसाठी यादी तीच ठेवली आहे. सातारा आणि सांगली शेजारी-शेजारी, आणि एन्कोडिंगबद्दल आधी काहीही सांगायचे नाही.