मोठ्या गटात एकच पुस्तक, आठवडाभर

बालवाडीत रोज नवं पुस्तक काढायचा सोस बऱ्याच ठिकाणी दिसतो. कपाटात साठ पुस्तकं आहेत, म्हणजे ती वर्षभरात 'व्हायला' हवीत, असा हिशोब. मोठ्या गटातल्या, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे हा हिशोब टिकत नाही. सोमवारी ऐकलेली गोष्ट त्यांना मंगळवारी पुन्हा हवी असते, आणि बुधवारी एक शब्द गाळला तर अर्धा वर्ग ओरडतो, "ताई, ते राहिलं!" त्या ओरडण्यासाठीच एक पुस्तक सलग पाच दिवस वाचायचं.

पुस्तक मात्र पाच वेळा ऐकण्याच्या लायकीचं हवं. सोळा ते चोवीस पानं, पानावर एक ते तीन ओळी, पुन्हा पुन्हा येणारी एखादी लयदार ओळ, आणि शब्दांत न सांगितलेलं काहीतरी चित्रात. विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या दोन पानं मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली, श्वास मध्येच तुटला, तर चित्रं कितीही देखणी असली तरी ते परत ठेवा. शेवटच्या पानावर 'तात्पर्य' असेल तर ते वाचायलाच हवं असं नाही. गोष्ट संपली की पुस्तक मिटायचं. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आणि पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं यांतून सुरुवातीचा संच सहज जमतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं मोफत उतरवून छापता येतात. तिथे प्रत्येक पुस्तकाला वाचनपातळी दिलेली असते. बालवाडीला पहिली पातळी पुरते, ऐकवायला दुसरीही चालते.

आता बसण्याची व्यवस्था. हिच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि निम्मा गोंधळ हिच्यामुळेच होतो. मुलं सतरंजीवर अर्धगोलात, दोन ओळींत. ताई खुर्चीवर नको, वीतभर उंचीच्या पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर, म्हणजे पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत येतं. खिडकी मुलांच्या पाठीशी असू द्या. ती ताईच्या पाठीशी असली तर मुलांना पुस्तकाची काळी सावली तेवढी दिसते. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चमकते, म्हणून पुस्तकाची वरची कड किंचित पुढे झुकवा आणि बसायच्या आधी एकदा मुलांच्या जागेवरून बघून घ्या. एका वेळी पंधरा मुलं हा ठीक आकडा. पंचवीस-तीस असतील तर दोन गट करा. एक गट वाचनाला, दुसरा मदतनीस ताईंबरोबर मातीकामाला. तीस मुलांना एकत्र बसवून मागच्यांना 'दिसतंय ना?' विचारत राहिलं की गोष्ट बाजूलाच राहते.

पुस्तक डाव्या हातात, खालून मधोमध धरायचं. अंगठा पुढच्या बाजूला, दोन पानांच्या घडीत. उजव्या हाताने पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे तळवा चित्रावरून फिरत नाही. पुस्तक मुलांकडे ठेवून तिरक्या नजरेने वाचता येत नसेल, तर मजकूर एका कागदावर उतरवून मागच्या मुखपृष्ठाला क्लिपने लावा. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी पुढ्यात धरून कथा सांगतात. चित्र प्रेक्षकाकडे, शब्द सांगणाऱ्याच्या तोंडात. बालवाडीच्या ताईलाही तेच जमवायचं असतं, फक्त शब्द छापलेत तसेच म्हणायचे.

उदाहरणासाठी सगळ्यांना ठाऊक असलेली म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊ. तिची सचित्र पुस्तकं मिळतात, घरी बनवलेलंही चालेल.

सोमवारी आधी मुखपृष्ठ. पाच-सात सेकंद काही न बोलता धरून ठेवा. कुणीतरी 'भोपळा!' म्हणतंच. नाव वाचा आणि सुरू करा. पहिल्या वाचनात एकही प्रश्न विचारायचा नाही. 'हा कोणता प्राणी? त्याचा रंग कोणता? किती पाय?' अशी प्रश्नपत्रिका सुरू झाली की चौथ्या पानावर मुलं चुळबुळायला लागतात, आणि मग 'मुलांना पुस्तकाची आवडच नाही' हा शेरा तयार. कोल्हा 'म्हातारे, मी तुला खातो' म्हणतो, त्या पानावर आवाज चढवण्यापेक्षा उतरवा. हळू आवाजाला मुलं पुढे सरकतात. वाघाची डरकाळी फार रंगवली तर पुढच्या ओळीतलं एखादं मूल रडतं आणि बाकीची त्याच्याकडे बघत बसतात. पान उलटण्याआधी एक श्वास थांबा. पूर्ण वाचन आठ ते दहा मिनिटांत झालं पाहिजे. लांबत असेल तर पुस्तक या वयाला मोठं आहे किंवा मध्ये फार बोललं जातंय.

मंगळवारी म्हातारीचं उत्तर मुलं स्वतःहून म्हणायला लागतात: लेकीकडे जाईन, लठ्ठ होईन. त्यांना म्हणू द्या, पण 'आता सगळ्यांनी म्हणा' असं फर्मान नको. बुधवारी मुद्दाम अर्ध्यावर थांबा. 'चल रे भोपळ्या...' एवढंच म्हणायचं, 'टुणूक टुणूक' ती पुरं करतील. प्रश्न विचारायचा दिवस हाच, आणि प्रश्न एक किंवा दोन. 'म्हातारी भोपळ्यात का बसली?' हा चांगला, कारण उत्तर चित्र आणि गोष्ट जोडून द्यावं लागतं. 'भोपळा कुठल्या रंगाचा?' हा वाया, उत्तर समोरच दिसतंय. प्रश्नानंतर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. दोन सेकंदांत ताईच उत्तर देऊन टाकते, हा सगळीकडचा दोष. शिवाय तेच तिघं-चौघं दर वेळी उत्तर देतात. बाकीच्यांसाठी 'शेजाऱ्याला सांग' म्हटलं की गप्प मुलांचंही तोंड उघडतं.

गुरुवारी खेळ. सतरंजीवर रस्ता, दुपट्याची म्हातारी, मोठ्या टोपलीचा भोपळा. वाघ व्हायला सगळेच तयार असतात, तेव्हा एका वेळी चार वाघ असायला काहीच हरकत नाही. शुक्रवारी पुस्तक मुलांच्या हाती. एखादं मूल पुढे बसून, पानं उलटत, ताईच्या चालीत पूर्ण गोष्ट 'वाचतं'. अक्षर एकही येत नसतं, पण कुठल्या पानावर कुठले शब्द हे बरोबर असतं. त्याला 'हे काही वाचन नाही' म्हणणाऱ्या पालकांना शुक्रवारी वर्गात बोलावून बसवावं.

अक्षरांकडे लक्ष वेधायचं ते तिसऱ्या वाचनानंतर, आणि फक्त एका ओळीसाठी. बोट वापरू नका. जाड बोटाखाली उकार आणि खालची ओळ दोन्ही झाकली जातात. बांबूची बारीक काडी शब्दाखालून सरकवा. सुरुवातीला मुलं काडी शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला पुढे नाचवतात, 'भो-प-ळ्या' म्हणत तीन शब्द ओलांडून जातात आणि ओळ आधीच संपते. दुरुस्त करू नका, पुन्हा तुम्ही एकदा दाखवा. देवनागरीत एक सोय आहे: शिरोरेघ तुटली की शब्द संपला. 'डोक्यावरची रेघ कुठे तुटली?' एवढं विचारलं की मोठ्या गटातली मुलं शब्द मोजू लागतात. 'ट' कुठे कुठे दिसतो हे शोधणंही इथेच जमतं, कारण टुणूक टुणूकमध्ये तो आपसूक दोनदा येतो.

गोष्ट सांगणं आणि गोष्ट वाचणं ही दोन कामं आहेत आणि दोन्ही हवीत. सांगताना शब्द रोज बदलतात, वाचताना बदलत नाहीत. छापलेलं दर वेळी तेच बोलतं, हे मुलाला याच वयात उमगतं. त्यामुळे वाचताना 'सोपं करून' सांगायचा मोह आवरा. पण घरी अहिराणी, वारली, मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकाची मराठी पहिल्या दिवशी अर्धीच कळते. तिथे शनिवारी किंवा सोमवारी आधी गोष्ट घरच्या बोलीत सांगा. स्वतःला येत नसेल तर मदतनीस ताई किंवा एखाद्या आजीला बोलवा. मग छापलेलं वाचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात नेली. भाषेलाही तोच न्याय लावायला हवा. मूल 'म्हतारी' म्हणालं तर पुढच्या वाक्यात आपण 'म्हातारी' म्हणावं, त्याला थांबवू नये.

पुस्तकांचा कोपरा थोडक्यात. पुस्तकांचे कणे दाखवणारी मांडणी बालवाडीत निरुपयोगी, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. दोन खिळ्यांमध्ये सुतळी, तिच्यावर कपड्यांचे चिमटे, उंची मुलांच्या छातीपर्यंत. गळ्याच्या उंचीवर दोरी कधीच नको. बाहेर बारा-पंधरा पुस्तकं, बाकीची कपाटात, दर पंधरवड्याला निम्मी बदलायची. या आठवड्याचं पुस्तक मात्र रोज तिथेच. जागा डब्याच्या आणि पाण्याच्या मडक्याच्या दूर. खाऊनंतर हात धुऊन *पुसून* मगच पुस्तक, कारण ओल्या बोटांनी पानं लगेच खराब होतात.

वर्गाचं स्वतःचं पुस्तक बनवायला अर्धा तास लागतो. ए-फोर आकाराचे चार जाडसर ड्रॉइंग कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. घडीवर तीन भोकं पाडा: मध्ये एक, आणि वरून-खालून तीन-तीन सेंटिमीटरवर. गोधडीचा दोरा दोन फूट. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या आत थेट खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढा, पुन्हा मधल्यातून आत. आता दोन्ही टोकं आत आली. मधला लांब टाका त्यांच्यामध्ये धरून घट्ट गाठ मारा. स्टेपलरचा मोह टाळा. पिना बोटांना टोचतात आणि कोकणात एका पावसाळ्यात गंजून पानांवर तांबडे डाग पाडतात. चित्रं मुलांची, वाक्यं त्यांनी सांगितलेली, अक्षर ताईचं. मूल 'कोंबडी पळली आन् ताटात बसली' म्हणालं तर तसंच लिहायचं. सुधारून लिहिलेलं वाक्य मूल ओळखत नाही, आणि मग ते पुस्तक उघडत नाही.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये. वर्षभरात ती पिवळी पडते, सुटते आणि तिचा चिकट गोंद दोन पानं जोडून टाकतो. खळ करा. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एकूण वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे आणि इथे पुस्तक तोंडात जातं, म्हणून आपण घालायचं नाही. दोन दिवसांपुरतीच करायची. पातळ कागदाची बोटभर पट्टी फाडून घ्या. कात्रीने कापलेल्या सरळ कडेवर पान पुन्हा फाटतं, फाडलेली कड मऊ बसते. खळ पातळ लावा, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. प्लास्टिक विसरलं तर सकाळी पुस्तकाची वीट होते. 'पुस्तकांचा दवाखाना' असं लिहिलेला एक खोका कोपऱ्यात असला की मुलं फाटलेलं पुस्तक लपवत नाहीत, स्वतः आणून टाकतात.

घरी पुस्तक द्यायचं शुक्रवारी, परत सोमवारी, कापडी पिशवीतून. वहीत मुलाचं नाव, पुस्तकाचं नाव, तारीख, बस्स. दंड ठेवला की पालक पुस्तक फळीवर ठेवून मुलाला हात लावू देत नाहीत. दहातलं एखादं हरवेल किंवा फाटेल असं धरूनच खरेदी करा. पालकांना एकच सूचना: 'काय शिकलास?' विचारू नका. वाचता न येणाऱ्या घरांसाठी ताईने पुस्तक वाचून, पान उलटताना टिचकी वाजवून, दोन-तीन मिनिटांचा आवाज वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. टिचकी ऐकली की आजी पान उलटते.

पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबरगोळ्या नकोत, मुलं त्या गोळ्या समजून चघळतात. आठवड्यातून एकदा सगळी पुस्तकं उभी, पंख्याखाली, पानं थोडी उघडून. कडक उन्हात टाकली तर रंग उडतात आणि मुखपृष्ठ वाकतं.