एका घासाचा नोन

उझबेकिस्तानातल्या ताश्कंदच्या दोन दिवसांचं सांगण्यासारखं फार नाही. शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी हात जोडले, १९७७ साली सुरू झालेल्या मेट्रोची सुंदर स्टेशनं पाहिली, आणि रात्री टूरवाल्यांनी ठरवलेल्या हॉटेलात पनीर आणि डाळ. दुसऱ्या रात्रीही पनीर. समरकंदला पोचल्यावर तिसऱ्यांदा तेच ताट समोर आलं तेव्हा मात्र मला राग अनावर झाला. इतक्या लांब यायचं आणि इथल्या घरात काय शिजतं, माणसं कशी बसतात, पाहुण्याला कसं वाढतात, यातलं काहीच न बघता परत जायचं? ग्रुप बुखाऱ्याला निघाला. मी तीन रात्रींसाठी जुन्या समरकंदमधल्या एका घरी राहायला गेले.

गल्लीतून बघितलं तर नुसती मातीची भिंत. दार उघडलं की आत अंगण आणि डोक्यावर द्राक्षाचा मांडव. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळकरी नात. सुनेला इंग्रजी येत होतं, पण निम्मं काम आपल्याच शब्दांनी भागलं. बोझोर, मेहमोन, किताब, पियोला. मोठ्या भावाला 'अका' म्हणतात हे ऐकून मी माझ्या अक्काबद्दल सांगितलं, तर आजी कितीतरी वेळ 'अका, अक्का' असं स्वतःशीच म्हणत बसल्या.

पहिल्या संध्याकाळी नातीने झारीतून माझ्या हातावर पाणी घातलं. मी सवयीने हात झटकले, तशी तिने घाईने टॉवेल पुढे केला. धुतलेल्या हाताचं पाणी असं उडवायचं नसतं. मग दस्तरखानाशी, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाशी, मला दारापासून सगळ्यात लांब बसवलं. तीच मानाची जागा. समोर जर्दाळू, अक्रोड, लाल भोपळ्याचे सोमसे आणि मधोमध दोन नोन, म्हणजे तिथल्या गोल रोट्या.

समरकंदचा नोन हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. काठ गुबगुबीत, वर चकाकी आणि तीळ. मधला भाग फुगू नये म्हणून तंदूरमध्ये लावण्याआधी तो चेकिचने, म्हणजे टोकदार दातांच्या शिक्क्याने, टोचून घेतात. त्यामुळे भाजल्यावर मधे बारीक छिद्रांचं फूल उमटतं. मी एक तुकडा तोडला आणि उरलेला नोन तसाच ठेवून दिला. पालथा.

आजी काही बोलल्या नाहीत. हातातलं काम बाजूला ठेवून त्या वाकल्या, दोन्ही हातांनी नोन उचलला, सुलटा केला आणि परत होता तिथे ठेवला. पाय लागलेलं पुस्तक आपण उचलतो ना, अगदी तसा हात. मला आतून लाजल्यासारखं झालं. नोन पालथा ठेवत नाहीत, त्याला सुरी लावत नाहीत, खाली पडला तर कपाळाला लावून पाखरांसाठी उंचावर ठेवतात, हे सुनेने नंतर सांगितलं. आजींनी न बोलता जे शिकवलं ते मात्र माझ्या हातालाच लागलं.

चहाचंही तसंच. कोरा हिरवा चहा पियोल्यात, म्हणजे बिनकानाच्या वाटीसारख्या पेल्यात, ओतून तीनदा किटलीत परत घालतात आणि मग पाहुण्याला देतात, तोही जेमतेम दोन घोट. कापसाच्या बोंडाची निळी-पांढरी नक्षी असलेला तो सुरेख पियोला आणि तळाशी एवढासा चहा! आपल्याकडे कप काठोकाठ भरल्याशिवाय आग्रह पुरा होत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मी खट्टू झाले होते. पण थोडा दिला की तो गरम राहतो आणि पुन्हा पुन्हा द्यायला मिळतो. पियोला भरून दिला तर पाहुण्याने आता उठावं, असा अर्थ होतो. तीन दिवसांत माझा पियोला कुणी एकदाही भरला नाही. 'ओलिंग, ओलिंग', घ्या, घ्या, एवढंच चाललेलं असायचं.

एक गोष्ट मला खटकली, तीही लिहिते. सून कधी बसायचीच नाही. पहाटे उठून अंगण आणि दारापुढचा रस्ता झाडायची, सगळ्यांना वाढायची, किटली रिकामी व्हायच्या आत नवी आणायची. सुनेने, म्हणजे केलिनने, असंच करायचं असतं म्हणे. आमच्या आजोळी मामी अशाच उभ्या असायच्या, म्हणून ते बघवेना. दुसऱ्या रात्री मी तिला हात धरून खाली बसवलं. ती बसली, पण नजर समोरच्या भिंतीवर. तिथे खिळ्याला मलमलीच्या फडक्यात काहीतरी टांगलेलं होतं. मी विचारलं.

तिने उठून फडकं सोडलं. आत वाळून कठीण झालेला नोन. एका बाजूला एकच घास खाल्लेला, दातांची महिरप स्पष्ट दिसत होती. तिचा मोठा मुलगा वर्षभरासाठी सैन्यात गेलाय. घराबाहेर पडताना त्याने एक घास खाल्ला आणि उरलेला नोन घरात राहिला. परत येऊन तो त्यानेच खायचा. तिने त्या चावलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि फडकं पुन्हा बांधलं. दगडासारखा झालाय, म्हणाली, चहात भिजवून देईन.

मी निघताना आईने माझ्या हातावर दही घातलं होतं, 'जाते नाही, येते म्हण' म्हणाली होती. ते मी तिला जमेल तसं सांगितलं. ती आत जाऊन एक वाटी घेऊन आली. कातिक. हेच का? हेच.

पुढच्या दिवशी रेगिस्तान, म्हणजे समरकंदचं जुनं चौक-आवार, पाहिलं. भव्य आहे, निळाई डोळ्यांत मावत नाही, गर्दीही तेवढीच.

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात आली. आजींनी जुन्या कापडात गुंडाळलेले दोन नोन माझ्या पिशवीत सुलटे ठेवले. सून मागून आली, हातात तीच वाटी आणि चमचा. मी उजवा हात पुढे केला. साखर घालायलाही ती विसरली नव्हती.

तिचा मुलगा फेब्रुवारीत सुटेल. तो नोन खाताना त्याचा फोटो पाठव, असं मी तिला सांगून ठेवलंय.