न दुखणारी दाढ

उजवीकडची खालची दाढ बसवून घेतली त्याला तीन वर्षं झाली. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, वर सिरॅमिकची कॅप. पैसे मोजताना मनाशी म्हटलं होतं, हिला काही कीड लागायची नाही, सुटलो एकदाचे! कीड लागत नाही हे खरंच आहे. पण गेल्या मे महिन्यात रायवळ आंबे मनसोक्त चोखले आणि चार दिवसांनी चूळ भरताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून दुर्लक्ष केलं. शेवटी ‘तोंडाला वास येतोय हो’ असं हिनेच ऐकवलं, तेव्हा गेलो.

डॉक्टरबाईंनी कॅपच्या कडेखालून आंब्याची काळपट केसरं ओढून काढली. “काका, ही दाढ दुखायची वाट बघू नका. रक्त दिसलं की या.” खऱ्या दातात नस असते, मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. इथे स्क्रू थेट हाडाला भिडलेला, आणि हिरडीही त्याला तेवढी घट्ट धरत नाही. घाण खाली उतरली तर हाड झिजतं, तेही गुपचूप. हिरडी नुसती सुजली असेल तोवर स्वच्छतेने बरी होते; गेलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

आता रात्रीची दहा मिनिटं त्या दाढेची. मऊ ब्रश, तोही तिरका धरून, कॅप आणि हिरडी मिळतात तिथे हलके हलके. मग फटीतला बारीक ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच. त्याच्या तारेला प्लॅस्टिकचं आवरण हवं, उघड्या तारेने स्क्रूवर ओरखडे पडतात. मी आधी जाडा आणून दाबून घुसवला आणि हिरडी सोलून घेतली. माप डॉक्टरांनाच विचारावं. साधा फ्लॉसही वापरून पाहिला, तर त्याचाच धागा तुटून आत अडकला! आता स्पंजासारखा फुगीर फ्लॉस आणतो. लाल दंतमंजन खरखरीत, म्हणून बंद. हिच्या बांगडीतली सेफ्टी पिन दातांसाठी मागायचो, तेही बंद.

यंदाही रायवळ चोखलेच. रात्री बेसिनपाशी उभा होतो, तर आतून आवाज आला, “झालं का हो? का दाढ झोपवताय?”